निळ्या काठाचा बेडपॅन

मी एक जुना बेडपॅन आहे. हसलात ना? मला त्याची सवय आहे. मित्रांनो, माझं नाव निघालं की शहाणीसुरती माणसंही नाक मुरडतात आणि गरज पडली की माझ्याच नावाने हाका मारतात. म्हणून आज मीच बोलायचं ठरवलं.

लोखंडाच्या पत्र्यातून माझा आकार काढला, मग पांढऱ्या तामचिनीत बुडवून भट्टीत भाजलं आणि काठाला निळी रेघ ओढली. त्याच भट्टीतून निघालेली माझी भावंडं चहाचे मग झाली, ताटं झाली. त्यांच्या नशिबी स्वयंपाकघर आलं. मी मात्र विक्रोळीच्या एका दहा खाटांच्या प्रसूतिगृहात येऊन पडलो. सुरुवातीला मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिथे मालन नावाची आया होती. तिने मला कधी तुच्छ मानलं नाही. सोडा टाकून, घासूनपुसून ती मला खिडकीत उन्हाला ठेवायची. थंडीच्या दिवसांत बाळंतिणीला देण्याआधी माझ्यावर गरम पाणी ओतायची, म्हणजे बाईला गार पत्र्याचा चटका बसू नये. खरं सांगतो, त्या उबेत मला माझी भट्टी आठवायची.

मी पुष्कळ बाळंतिणी पाहिल्या, पण १९८३ सालची नलिनी मी विसरलो नाही. चाळीत राहणारी, लाजरी पोर. पहिलंच बाळंतपण. पहाटे मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं, पण दुपारचे बारा वाजत आले तरी तिला लघवी होईना. ओटीपोट तटतटून फुगलं होतं. बाळंतपणानंतर असं कधीकधी होतं. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि एक वाजेपर्यंत झाली नाही तर नळी घालावी लागेल, असं सांगितलं. ते ऐकून नलिनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या थोरल्या बहिणीला बाळंतपणात नळी घातली होती आणि त्यानंतर ती आठ दिवस तापाने फणफणली होती. तेव्हापासून नळी या शब्दाचाच नलिनीने धसका घेतला होता.

सकाळपासून मला चार वेळा तिच्याखाली ठेवलं आणि चारही वेळा कोरडाच काढला. कारण मला दिसत होतं, पण मला तोंड कुठे होतं? कापडी पडद्याच्या आत, खाटेला अगदी खेटून, नलिनीची सासू बसलेली होती.

सोनूबाई त्यांचं नाव. मालवणकडच्या. बाई मायेची, पण हट्टी. बाळंतिणीला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. बाधा होऊ नये म्हणून सुनेच्या उशाखाली त्यांनी घरून आणलेली कोयती ठेवली होती आणि पडद्याआड स्वतः पहाऱ्याला बसल्या होत्या. दर दोन मिनिटांनी बांगड्या वाजवत विचारायच्या, "झाला काय गे?" मग होणारंही थांबायचं. नलिनी डोळे मिटून घ्यायची. सासूला जरा बाहेर जा म्हणणं तिच्याच्याने या जन्मी झालं नसतं.

मालनने हे ओळखलं. तिने सोनूबाईंना बाहेर बसायची विनंती केली. सोनूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"आमच्यात बाळंतिणीक एकटी टाकणत नाय. मी हयसून हलूचंय नाय."

मालन चिडली नाही. तिने कारण विचारलं. तेव्हा त्या करड्या बाईचा आवाज एकदम खाली आला. त्यांची धाकटी बहीण गावी बाळंत झाली, घरचे घटकाभर शेतावर गेले, आणि ते परत येईतो ती गेली होती. खोलीत एकटीच होती. हे त्यांनी सुनेलाही कधी सांगितलं नव्हतं. नलिनीने डोळे उघडून सासूकडे पाहिलं. इतका वेळ तिला त्यांचा राग आला होता. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

घड्याळात साडेबारा झाले होते. मालन कपाटातून पेपरमिंटच्या तेलाची छोटी बाटली घेऊन आली. एका जुन्या नर्सबाईंनी तिला ही युक्ती शिकवली होती. तिने माझ्यात गरम पाणी घेतलं, मनगट वर धरून वाफ सोसवते का ते पाहिलं, चार थेंब सोडले आणि मला नलिनीखाली सरकवलं. पुदिन्याचा गारेगार वास पडद्याआड भरून राहिला. त्या वाफेने आवळलेलं अंग सैल पडतं, असं ती म्हणायची.

मग तिने सोनूबाईंना विचारलं, "मावशी, घरी ओव्याची धुरी देता ना? ती का देता?"

"ती राखण असता," सोनूबाई म्हणाल्या.

"मग ही पण धुरीच समजा. वास आहे तोवर ती एकटी नाही. आपण दोघी बाहेर थांबू, तो वास येईल एवढ्याच अंतरावर."

 सोनूबाईंनी एक मोठा श्वास घेऊन वास पाहिला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पडदा सरला. बांगड्या थांबल्या. नलिनीने एक लांब श्वास सोडला आणि मित्रांनो, एक वाजायला दहा मिनिटं असताना मी भरलो. ती पडद्याआड रडत होती आणि हसतही होती. वाफेने झालं, वासाने झालं की एकटेपणाने, ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडून काय झालं म्हणाल, तर मी तिथे होतो.

नंतर स्टीलचे चकचकीत बेडपॅन आले. माझ्या काठाचे टवके उडाले होते. मला जिन्याखाली फिनेलच्या बाटल्यांशेजारी टाकलं. तिथे मी दोन वर्षं धूळ खात होतो. मालनही आता थकली होती, तिला माझी आठवण कुठून येणार?

सत्त्याऐंशी साली एके सकाळी ओळखीच्या बांगड्या वाजल्या. नलिनीला दुसऱ्या खेपेला मुलगा झाला होता आणि पुन्हा तीच अडचण उभी राहिली होती. मालन स्टीलचं भांडं घेऊन निघाली, तर सोनूबाईंनी तिला अडवलं. त्यांनी विचारलं, ते निळ्या काठाचं भांडं खंय आसा?

मालनने मला शोधून काढलं, टवके नीट तपासले, सोड्याने घासलं, उकळत्या पाण्याने धुतलं. पेपरमिंटची बाटली सोनूबाईंनी घरूनच आणली होती. थेंब त्यांनी स्वतः मोजून टाकले. मला सुनेखाली सरकवलं, तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि कुणी काही सांगायच्या आत उठल्या.

"वास आसा तवसर तू एकटी नाय," त्या म्हणाल्या. "मी भायर आसंय."

आणि त्या खरोखरच बाहेर गेल्या. चार वर्षांपूर्वी न हलणारी ती बाई पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. त्या दिवशी मी चहाचा मग झालो नाही, याचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं, तर माझ्यासारख्या भांड्याला नाक मुरडू नका. ते स्वच्छ धुवा, गार असेल तर ऊब द्या, आणि माणसाच्या हाताशी ठेवून बाहेर या. पण फार लांब जाऊ नका. हाक पोहोचेल इतक्याच अंतरावर थांबा.