नऊ घरांचे एकमत

मित्रांनो, मी निरोपाची एक जुनी फळी आहे. अकेबिदाइरा वाडीत नऊ घरे आहेत. वाडीप्रमुखाच्या घरून मी कागद घेऊन निघते, एकेक घर करत डोंगर चढते आणि नवव्या घरून पुन्हा खाली येते. ज्याने वाचले त्याने आपल्या चौकोनात नावाचा शिक्का उमटवायचा आणि मला शेजाऱ्याच्या दारात नेऊन द्यायचे. काम एवढेच. पण एवढ्याशा कामात माणसे किती घोळ घालू शकतात, हे मी सत्तेचाळीस वर्षे पाहते आहे.

माझा जन्म फारसा थाटाचा नाही. वाडीच्या सभाघरात न्हाणीघर बांधले, तेव्हा देवदाराची एक हातभर फळी उरली. सुताराने ती घासली, वरच्या कडेला लोखंडी चाप ठोकला आणि पाठीमागे नऊ घरांची नावे क्रमाने लिहिली. पहिले नाव वाडीप्रमुखाचे आणि शेवटचे सर्वांत वरच्या घराचे. हा क्रम कोणी ठरवला, का ठरवला, हे कोणी विचारले नाही. इथे कोणी काही विचारत नाही.

पहिली काही वर्षे माझे कौतुक झाले. आतषबाजीच्या सणाची तारीख, रानडुकराचा वावर, कोणाच्या घरी कोण वारले, सगळे मी पोहोचवले. ज्या हिवाळ्यात बर्फ छपरापर्यंत चढले, तेव्हा मला पोटाशी धरून नेत होते. पुढे घरोघरी फोन आले. मग एका घरात मी अडीच महिने भात शिजवायच्या यंत्रामागे पडून होते. दुसऱ्या घरात माझ्यावर कढत भांडे ठेवले, त्याचा काळा गोल अजून अंगावर आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वेगळीच, आणि ती वस्तू हाताळण्याची नाही.

मी घराघरांत रात्र रात्र राहिले आहे. जेवणाच्या चौरंगावर, मिसोच्या कढणाच्या भांड्याशेजारी. त्यामुळे माणसे घरात काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि बाहेर काय लिहितात तेही. या दोहोंचा मेळ मला कधी दिसला नाही. असा भिडस्तपणा ही माणसे सभ्यता म्हणून मिरवतात. माझ्या मते तो निव्वळ भित्रेपणा आहे, फक्त वाकून नमस्कार करतो म्हणून चांगला दिसतो.

गेल्या वर्षी शेतीच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करणारी एक मुलगी विद्यापीठातून आली. हान्यू चिसा तिचे नाव. डोंगरातली शेती का टिकते, का मोडते आणि शहरातली गिऱ्हाइके कोणता तांदूळ पसंत करतात, असा तिचा विषय होता. शहरात तिने शेकडो लोकांना तांदळाच्या पिशव्यांची चित्रे दाखवली होती. ज्या पिशवीवर डोंगरातली खाचरे आणि वाहता पाट होता, तिच्यासाठी लोक थोडे जास्त पैसे मोजायला तयार होते. का, तर म्हणे मनाला बरे वाटते. पाट कसा उपसतात हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसणार. चिखलात कंबर दुसऱ्याने मोडायची आणि मनाला बरे यांच्या वाटायचे. आणि ही बया ते सगळे गंभीर चेहऱ्याने तक्त्यांत मांडत होती.

आमच्या वाडीलाही असा पाट आहे. ओढ्यापासून निघून तो डोंगराच्या कुशीने येतो. सर्वांत आधी होशिना इसोएच्या तीन खाचरांना पाणी देतो, मग नऊही घरांच्या दारांवरून खाली जातो. बाकीच्यांच्या शेतांना आता नदीवरच्या पंपाचे पाणी आहे. इसोएच्या खाचरांपर्यंत मात्र पंप चढत नाही. पाट बंद झाला की तिची शेती संपली. वय चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन बारा वर्षे झाली, आणि त्या तीन खाचरांशिवाय तिला दुसरा उद्योग नाही.

हा पाट दर वसंतात साऱ्या वाडीने मिळून उपसायचा असतो. दरडीची माती, पाचोळा, दगड, सगळे फावड्याने वर काढायचे. दोन दिवस लागतात. वाडीत सर्वांत तरुण माणूस अठ्ठावन्न वर्षांचा आहे, यावरून काय ते समजा.

चिसाने प्रश्न काढला: वरचा पाट चालू ठेवावा, की बंद करायला हरकत नाही? पटेल त्या उत्तराखाली गोल करायचा. तिने नऊ कागद आणि नऊ पाकिटे आणली होती. हे तिच्या आयुष्यातले एकमेव शहाणपण. वाडीप्रमुख निवानो तोकुझो यांनी ती पाकिटे पाहिली आणि हसून बाजूला सारली.

"हान्यूबाई, पाकिटं कशाला? आमच्यात लपवण्यासारखं काय आहे? एकच कागद द्या, फळीला लावू. घरोघर फिरेल, खाली खाली गोल होत जातील."

"पण मग आधीच्यांची उत्तरं पुढच्यांना दिसतील ना, आजोबा."

"दिसू देत की. उलट बरं. मन मोकळं राहतं."

तिला अभ्यासाचे नियम पाठ होते, पण वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणे तिला जमले नाही. तिने मान डोलावली. माझ्या चापात एकच कागद लागला.

त्या संध्याकाळी तोकुझो चष्मा लावून माझ्यासमोर बसले. बायको मासू मुळ्याच्या लोणच्याची बरणी उघडत होती.

"पाट बंद झाला तर मी मुळे कुठं धुवायचे?" ती म्हणाली. "आणि दारातलं बर्फ कुठं लोटायचं? डोक्यावर?"

"मलाही बंद नकोच आहे गं."

"मग करा गोल चालूवर."

"मी पहिला. मी चालू म्हटलं की सगळ्यांना यावं लागतं उपसायला. इसोएबाईंचं वय बघ. आता शेतीही झेपत नसणार, तरी भिडेपोटी फावडं घेऊन येतात, बोलत नाहीत बिचाऱ्या. मी प्रमुख आहे, त्यांची सुटका मीच करायला हवी."

"त्यांना विचारलंत का?"

"असं विचारतात का कुणाला?"

आणि त्यांनी गोल केला. बंद करायला हरकत नाही. वर मोठ्या मनाच्या माणसासारखे तोंड करून चहा प्यायले.

पुढे काय झाले असेल, ते तुम्ही ओळखले असेलच. दुसऱ्या घराने पहिला गोल पाहिला आणि त्याच्याखाली गोल केला. तिसऱ्याने दोन पाहिले. चौथे घर मागारा योशिहिकोचे, तोच अठ्ठावन्न वर्षांचा तरुण. उन्हाळ्यात तो कलिंगडे पाटातच गार करतो आणि रात्री पाटाच्या आवाजाशिवाय त्याला झोप येत नाही. हे त्याने स्वतः बायकोला सांगितले, माझ्या डोक्यावर कोपर टेकून.

"तर मग चालू लिही," ती म्हणाली.

"तोकुझोदादांनीच बंद म्हटलंय. मी चालू म्हटलं तर उद्या म्हणतील, आला मोठा शहाणा. फावडं उचलायला जीव आहे म्हणून दुसऱ्यांना राबवतो."

त्यानेही री ओढली. पाचव्या, सहाव्या, सातव्या, आठव्या घरात तेच. चहा तोच, उसासा तोच, गोल तोच. एकाही घराला पाट बंद नको होता, आणि प्रत्येकाला खात्री होती की बाकीच्यांना तो नको आहे. मी लाकडाची आहे. मला हात असते तर मी एकेकाला घराबाहेर ओढून उभे केले असते.

शेवटी मी इसोएच्या घरी पोहोचले. तिने हात पुसले, मला खिडकीशी नेले आणि आठ गोलांची ती रांग बराच वेळ पाहिली. मग तिने धाकट्या बहिणीला फोन लावला.

"आठही घरांना नकोय गं. तोकुझोदादांनासुद्धा."

पलीकडून बहीण मोठ्याने बोलत होती, मला स्पष्ट ऐकू आले. "तुला हवाय ना? मग तसं लिही."

"मला हवाय म्हणून काय झालं? माझ्या तीन खाचरांसाठी आठ घरांनी कंबर मोडायची? इतकी वर्षं मोडली, बोलले नाहीत, हेच त्यांचे उपकार."

"आणि तू काय करशील?"

"बघू. भाजी लावीन परसात."

"तुला भाजीचा कंटाळा येतो."

"येतो," इसोए म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने गोल केला. स्वतःच्या शेतावर, स्वतःच्या हाताने, अगदी नीट गोल. पेन्सिल ठेवल्यावर तिचा हात जरा वेळ माझ्यावरच राहिला. तेवढ्यापुरते मला तिचे वाईट वाटले. मग रागच आला. दुसऱ्याच्या मूर्खपणाखाली चिरडले जाणारे माणूस मी समजू शकते, पण त्या मूर्खपणावर स्वतःचा गोल करणाऱ्याला काय म्हणावे?

सभाघरात चिसाने निकाल वाचला. शंभर टक्के एकमत. असे एकमत इतर कोणत्याही वाडीत आढळले नाही, असे तिच्या प्राध्यापकांनी कौतुकाने लिहिले होते. नऊही घरांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहून हसत होता, की बघा, तुमच्या मनासारखं झालं. अहवालाची छापील प्रत वाचायला म्हणून माझ्या चापात लागली. एका पानावर होते, शहरी गिऱ्हाइकांना वाहत्या पाटाचा तांदूळ आवडतो. समोरच्या पानावर होते, गावकऱ्यांना पाट नकोसा झाला आहे. ही दोन पाने कित्येक महिने एकमेकांच्या नाकाला नाक लावून होती, पण लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला, छापणाऱ्याला, कोणाला त्यात काही विचित्र वाटले नाही. एवढे शिकलेले लोक.

भाताची कापणी झाली आणि पाट बंद करण्याचा दिवस आला. ओढ्यावर पाटाचे लोखंडी दार आहे. ते खाली पाडायचे आणि दुसऱ्या दिवशी तोंडावर सिमेंट ओतायचे, असे ठरले होते. त्यासाठी नऊ घरांच्या संमतीचा कागद लागणार होता. तो माझ्या चापात होता, म्हणून मलाही वर नेले. चिसा छायाचित्रे काढायला आली होती. पाण्याच्या देवाला थोडी दारू वाहून झाली. आता शिक्के.

तोकुझोंनी आपल्या शिक्क्याचे झाकण उघडले, शिक्का तांबड्या शाईवर टेकवला आणि ते थांबले. त्यांना पुन्हा सभ्यता सुचली.

"नाही नाही, आज पहिला मान इसोएबाईंचा. या पाण्यावर सर्वांत आधी शेत त्यांचं." आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले.

इसोए माझ्याकडे पाहत होती. आज माझ्यावर एकही गोल नव्हता, एकही शिक्का नव्हता. कोऱ्या नऊ चौकोनांखेरीज काही नव्हते. तिने एप्रनच्या खिशात हात घातला. मग मान वळवून खाली आपली तीन खाचरे पाहिली. कापणीनंतरचे खुंट उन्हात वाळत होते. हात रिकामा बाहेर आला.

"शिक्का घरी राहिला वाटतं," ती म्हणाली.

शिक्क्याच्या बटव्याची तांबडी दोरी तिच्या खिशातून वीतभर बाहेर लोंबत होती. ती सगळ्यांना दिसली.

"असू द्या," तोकुझो म्हणाले. "आम्ही थांबतो. घेऊन या."

"गुडघा धरलाय हो. पुन्हा चढवायचं नाही."

"मग उद्या सकाळी?"

"उद्या अळकुड्या काढायच्यात."

"परवा?"

"परवाचं आत्ता काय सांगू, तोकुझोदादा?"

ओढ्याचे पाणी उघड्या दाराखालून आत येत होते. तोकुझो त्या दोरीकडे पाहत राहिले. त्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडायला किती वेळ लागला, हे सांगायची मला लाज वाटते. शेवटी पडला. त्यांनी शाई लागलेल्या शिक्क्यावर हळूच झाकण बसवले आणि तो खिशात टाकला.

"माझाही घरीच राहिलाय," ते म्हणाले. "वय झालं. हल्ली काही लक्षात राहत नाही."

मग योशिहिकोने आपले खिसे चाचपले. "माझा गाडीत... नाही, घरीच." पाठोपाठ एकेक जण खिसे चाचपू लागला. नऊची नऊ घरे शिक्के घरी विसरली होती. निम्म्यांच्या खिशांत ते खुळखुळत होते.

चिसा वही उघडून उभी होती. "मग मी पुढच्या अहवालात काय लिहू?"

"लिहा, शिक्के विसरले," तोकुझो म्हणाले. "म्हातारी माणसं आहेत."

तिने तसेच लिहिले. शप्पथ, तसेच लिहिले.

सिमेंटची गाडी आली आणि परत गेली. या वसंतात नऊ घरे फावडी घेऊन वर गेली, दोन दिवस राबली आणि गेल्या वर्षीच्या गोष्टीबद्दल एक अक्षर कोणी काढले नाही. इसोएच्या खाचरांत रोपे लागली आहेत. तुम्हाला वाटेल, चला, माणसे शहाणी झाली. छे. आठ जणांनी पहिल्यांदा तोकुझोंची री ओढली, दुसऱ्यांदा इसोएची. त्यात धाडस कसले? तिने शिक्का मारला असता तर त्यांनीही मारला असता.

म्हणून मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझा गंजका चाप बदला, असले काही मी मागत नाही. माझ्यासारखी एखादी फळी तुमच्या दारी आली तर एवढेच करा, वरच्या ओळींवर तळहात ठेवा आणि आधी आपले उत्तर लिहा. इसोएही त्या दिवशी खोटेच बोलली, हे मला मान्य आहे. पण सत्तेचाळीस वर्षांत या वाडीत कोणी शेजाऱ्याकडे न पाहता बोललेले ते पहिलेच वाक्य होते, आणि त्या वाक्यावर तिची तीन खाचरे आज भिजलेली आहेत.