फियाटचा दुसरा सायलेन्सर

फियाट दिसायच्या आधी ऐकू आली. त्या गाडीचा आवाज मंगलाबाईंच्या कानात चाळीसहून जास्त वर्षं मुरलेला होता, म्हाताऱ्या माणसानं चारचौघांत जपून खोकावं तसा. रविवारी सकाळी शिक्षक कॉलनीच्या वळणावरून आला तो आवाज मात्र खर्जातला होता. तो पायांतून वर चढला. तुळशीला पाणी घालता घालता मंगलाबाईंचा हात थांबला.

गाडी फाटकात शिरली. मागे आता एकाऐवजी दोन चकचकीत नळ्या होत्या, दोन्ही कोपऱ्यांना एकेक.

"ऐकलंस ना आई?" निलेश उतरता उतरता म्हणाला. "डबल सायलेन्सर. पुढच्या महिन्यात दमणला जुन्या गाड्यांचा मेळा आहे, तिथे सगळे वळून बघतील. बाबा असते तर खूश झाले असते."

"तुझ्या बाबांना हॉर्न वाजवायचाही संकोच वाटायचा," मंगलाबाई म्हणाल्या.

निलेश हसला. मेळ्यासाठी त्यानं एक पाटीही करून घेतली होती: 'हेडमास्तर श्रीकांत सरांची फियाट, १९८२.' श्रीकांतरावांना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी अजून सिल्वासात कुणी जुना विद्यार्थी भेटला की आधी त्यांच्या शिस्तीची गोष्ट निघे. सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेला माणूस. दर शनिवारी प्रार्थनेनंतर व्यसनांवर बोलायचे.

मागच्या दारानं सुकदेव उतरला. नरोली रोडला त्याचं गॅरेज होतं. धुळ्याकडून कारखान्यात कामाला आला, मग स्वतःचं टाकलं. त्याची मुलगी सोनी शाळेत मंगलाबाईंच्या वर्गात होती, त्यामुळे तो त्यांच्यासमोर चप्पल काढूनच उभा राहायचा.

"बाई, इंजिनाकडून येणारी नळी मधी फोडली," तो हातांनी दाखवत म्हणाला. "अर्धी जुन्या बाजूनं, अर्धी ह्या बाजूनं. एक विचारायचं राहिलं. मागच्या सीटखाले पत्र्याला चौकोनी जोड दिसतो. डांबर फासेल आहे, त्याच्यानं समजत नाही. नवी नळी बराबर त्याच्याच खालून गेली. तो जोड वेल्डिंगचा आहे का नुसता बसवेल आहे?"

मंगलाबाईंच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी पायांवर सांडलं.

"गंज लागला होता तिथं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी वापीला वेल्डिंग करून घेतलं होतं."

"मंग काय टेन्शन नाही. नव्या जोडातून दोन-चार दिवस जरासा धूर गळतो, बसला का बंद. पत्रा पक्का आहे तर आत येणार नाही. मी खरडून पाहणार व्हतो, पण बाईंनी सांगितलं म्हणजे झालं."

बाईंनी सांगितलं होतं ते खोटं होतं.

तिथं गंज कधीच नव्हता. चौऱ्याऐंशी साली श्रीकांतरावांनी स्वतः छिन्नी घेऊन तो चौकोन कापला होता आणि खालून पत्र्याची एक पेटी टांगली होती. वलसाडला पुतणीचं लग्न होतं. वरपक्षाला बाटल्या हव्या होत्या. गुजरातेत दारूबंदी, इकडे सिल्वासात दुकानं उघडी, आणि सगळ्या गोतावळ्यात गाडी एकट्या मास्तरांकडे. मास्तरांची गाडी कोण तपासणार? भाऊ हाता-पाया पडला. एकदाच म्हणून कापलेला चौकोन पुढे चार वर्षं भरत आणि रिकामा होत राहिला. कधी भावासाठी, कधी शाळाखात्यातल्या साहेबांसाठी, नाही म्हणता न आल्यामुळे. मग एके दिवशी श्रीकांतरावांनी पेटी काढून दमणगंगेत टाकली, भोकावर पत्रा ठेवला, चार स्क्रू पिळले आणि ह्याच अंगणात चूल मांडून, डांबर वितळवून कडा लिंपल्या. दोन दिवस जेवले नाहीत. शेवटच्या आजारपणात मंगलाबाईंचा हात धरून एवढंच म्हणाले, "ते सीटखालचं निलेशला कळू देऊ नकोस."

मंगलाबाईंनी कळू दिलं नव्हतं. आताही दिलं नाही.

"आजी, चाल ने, गाडीत बस," धनश्री त्यांचा पदर ओढत होती. पाच वर्षांची नात घरी मराठी आणि बाहेर गुजराती बोलायची, कधी एका वाक्यात दोन्ही. नव्या सायलेन्सरची पहिली फेरी दादऱ्याच्या वनगंगा बागेपर्यंत, असं ठरलं होतं.

नको म्हणायला कारण हवं. कारण सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. मंगलाबाई मागच्या सीटवर बसल्या, धनश्री त्यांच्या शेजारी, बरोब्बर त्या चौकोनावर.

सुकदेव गॅरेजकडे परतला आणि गाडी निघाली. गावात सगळं ठीक होतं. पोरं वळून बघत होती, निलेश मुद्दाम गिअर खाली आणत होता. पुढे मालट्रकांची रांग लागली आणि रस्त्याच्या कामाची धूळ आत यायला लागली. धनश्री खोकली. निलेशशेजारी बसलेल्या वैशालीनं, सुनेनं, पुढच्या दोन्ही काचा वर करायला लावल्या. मागच्या काचा बंदच होत्या. त्यांच्या फिरक्या निलेशनं मेळ्यासाठी चकाकी चढवायला दिल्या होत्या, दाराला नुसते खुंट उरले होते.

आणि मग वास आला.

आधी मंगलाबाईंना वाटलं, रस्त्याच्या कामाचाच असेल. पण रस्त्याचा वास बाहेरून येतो, हा त्यांच्या पायांशी होता. डांबराचा. अडतीस वर्षांपूर्वी अंगणातल्या चुलीवरून आला होता तोच, गोडसर, घशाला चिकटणारा. त्यांनी वाकून पायपुसण्याला हात लावला. ते गरम होतं.

म्हणजे डांबर सुटतंय. त्याखाली चार गंजके स्क्रू, आणि त्याखाली गळणारी नळी.

"वैशाली, काच जरा खाली कर गं. मला मळमळतंय."

वैशालीनं चार बोटं काच उघडली. शेजारच्या ट्रकची धूळ भसकन आत आली.

"मम्मी, खांसी येते," धनश्री म्हणाली. काच पुन्हा वर गेली.

"आई, दोनच मिनिटं," निलेश म्हणाला. "ही गुजरातची पट्टी ओलांडली की दादराच. पुढे पोलीस उभे आहेत, म्हणून जाम आहे."

सिल्वासाहून दादऱ्याला जायचं तर मधे गुजरातचा चिंचोळा तुकडा लागतोच. मंगलाबाईंनी पुढे बघितलं. रस्त्यावर आडवे लावलेले लोखंडी कठडे, खाकी कपडे. पंच्याऐंशी सालीही असेच दोघे शिपाई होते. त्याही दिवशी त्या ह्याच सीटवर बसल्या होत्या, मांडीवर सहा महिन्यांचा निलेश, खाली अकरा बाटल्या. शिपायानं आत डोकावून विचारलं होतं, "बेन, काही आहे का?" श्रीकांतरावांनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं होतं. आणि त्यांनी निलेशला जोरात चिमटा काढला होता. पोर असं किंचाळलं की शिपायानं हातानंच जा म्हटलं. तो चिमट्याचा वळ आठ दिवस होता. त्या रोज त्यावर खोबरेल लावायच्या आणि कुणाकडे बघायच्या नाहीत.

डोकं ठणकायला लागलं होतं. कपाळाभोवती कुणी ओला पंचा पिळतंय असं. गाडी इंच इंच सरकत होती आणि खालून ती नवी घरघर एकसारखी चालली होती.

ही फेरी संपू दे, त्यांनी मनात म्हटलं. उद्या सुकदेवला एकट्याला गाठून सांगेन. कुणाला कळायचं नाही.

"धनू, बाग आली की काय खायचं?"

धनश्रीनं उत्तर दिलं नाही. ती त्यांच्या दंडावर टेकली होती. सकाळी अकराला ही पोर कधी झोपत नव्हती.

"धनू."

डोकं दंडावरून घसरून मांडीवर आलं. जड, ओल्या कापडाच्या बोचक्यासारखं. मंगलाबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. जोरात, तसाच. पोर किंचाळली नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

त्या क्षणी वाटलं तसं भय मंगलाबाईंना त्या शिपायाचं वाटलं नव्हतं, नवऱ्याच्या मरणाचंही नाही.

"निलेश, गाडी बंद कर. दारं उघड."

"आई, पोलिसांच्या समोर कसं..."

"सीटखाली भोक आहे. तुझ्या बाबांनी पाडलेलं. धूर आत येतोय, धनू उठत नाही. बंद कर."

निलेशनं चावी फिरवली. चारही दारं कशी उघडली, कुणी उघडली, ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. वैशालीनं पोरीला उचलून रस्त्याकडेच्या बाभळीखाली नेलं. मंगलाबाई उतरल्या आणि रस्त्यातच गुडघ्यांवर बसल्या. तिथून त्यांना फक्त धनश्रीची पावलं दिसत होती, एका पायात सँडल, एक पाय उघडा. तो उघडा पाय हलत नव्हता. वैशाली पोरीचं नाव घेत होती, आधी मोठ्यानं, मग पुटपुटत.

मग अंगठा हलला. पोर ओकली, आणि रडायला लागली.

कठड्यापाशी उभा असलेला पोलीस धावत आला होता. त्यानं एक रिक्षा रिकामी करवून वैशालीला आणि धनश्रीला दादऱ्याच्या दवाखान्याकडे पाठवलं, आणि मग गाडीकडे वळला. निलेशनं मागची सीट उचलली होती. पत्रा एका कोपऱ्यानं वर आला होता, कडेचं डांबर काळ्या पाकासारखं ओघळत होतं.

"हा चौकोन काय आहे?" पोलिसानं विचारलं. असले चौकोन त्यानं पुष्कळ पाहिले असावेत.

निलेशनं आईकडे बघितलं. आरशातून बघितल्यासारखं.

"दारू न्यायला केला होता," मंगलाबाई म्हणाल्या. "माझ्या मिस्टरांनी. चौऱ्याऐंशीपासून चार वर्षं नेली. मी ह्याच सीटवर बसायची."

पोलिसानं सीट परत जागेवर बसवली. "अडतीस-चाळीस वर्षांची केस कोण लिहिणार, माँजी," तो म्हणाला. "तुम्हीपण दवाखान्यात जा. तोंड पांढरं पडलंय."

दवाखान्यात आजी आणि नात शेजारशेजारच्या खाटांवर दोन तास ऑक्सिजन घेत पडल्या. धनश्रीच्या दंडावर चिमट्याचा लाल वळ उठला होता. डॉक्टरांनी तो कशाचा म्हणून विचारलं, तेव्हा मंगलाबाईंनी तेही सांगितलं.

निलेश दारात उभा होता. आत आला नाही, निघूनही गेला नाही. निलेशचा फोन गेल्यावर त्याच्यामागे सुकदेव आला, हात तसेच ग्रीसचे, चप्पल बाहेर काढलेली.

"बाई, मी विचारलं व्हतं ना तुम्हाला," तो हलक्या आवाजात म्हणाला. त्याचा स्वर रागाचा नव्हता. तो घाबरला होता. "मी खरडून पाहणार व्हतो."

"विचारलं होतंस," मंगलाबाई म्हणाल्या. "मी खोटं बोलले."

खाटेच्या कडेवरून हात लांब करून त्यांनी धनश्रीच्या छातीवर ठेवला. श्वास चालू होता हे दिसत होतं, डॉक्टरांनी सांगितलंही होतं. तरी त्यांनी हात काढला नाही.