काचेबाहेरचा कीबोर्ड

दत्तात्रेयनं टेम्पोतून कॉम्प्युटर उतरवला तो चक्क शालीत गुंडाळलेला. हो, शालीत! सत्कारात देतात तसली, जरीच्या काठाची. बोर्ली पंचतनच्या बाजारात प्रज्ञा गमरेचं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या टेबलावर होडीवाल्यांची मासे शोधायची यंत्रं उघडी पडलेली असतात, कुणाचा मिक्सर असतो, कुणाचा टीव्ही. त्या पसाऱ्यात त्यानं ती शाल अलगद ठेवली आणि स्वतःच मागं सरला.

"ओळखलंस का?"

न ओळखायला काय झालं! पिवळट पडलेला तो चपटा डबा, त्यालाच जोडलेली काळी बटणं, मागं टीव्हीची वायर लावायचं भोक. शाळेतला कॉम्प्युटर.

दत्तात्रेय तिच्याच वर्गातला. आता त्याचे ट्रक आहेत, आणि शाळा समितीचा अध्यक्षही तोच. "सुवर्णमहोत्सव आहे शाळेचा," तो म्हणाला. "सागवानी पेटी करून घेतलीय, समोर काच. आत हा ठेवायचा. पडद्यावर उजेड आला, दोन अक्षरं दिसली, झालं काम. बटणं नाही चालली तरी चालेल. हात कोण लावणार आहे त्याला?"

हे तो अगदी सहज बोलला. तेच तर वाईट होतं.

शाळेचं गाव तिथून टेकडी उतरून खाडीच्या खाजणाकाठी आहे. नाव नाही सांगत, उगाच कुणाला लागायला नको. प्रज्ञा आठवीत होती तेव्हा सरकारनं शाळेला तो कॉम्प्युटर दिला. पंचक्रोशीत रंगीत टीव्ही नव्हता कुणाकडे, आणि यांच्याकडे कॉम्प्युटर! ग्रंथालयाची खोली रिकामी केली, खिडक्यांना पडदे लावले, चावी शिपाई अंबाजींच्या कमरेला. आत जायचं तर चप्पल बाहेर. पोरांनी भिंतीशी मांडी घालून बसायचं. बटणं सर दाबणार, पोरं बघणार. आणि दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. हळदकुंकू, अक्षता, झेंडू, आपट्याची पानं. समोर नारळ फुटायचा आणि त्याचं पाणी अंबाजी डोळे मिटून त्या बटणांवर शिंपडायचे. दुसऱ्या कुठल्या देशात कुणी कॉम्प्युटरला नारळाचं पाणी पाजलं असेल तर मला दाखवा.

सरांनी एकदा जाहीर केलं, परीक्षेत पहिला येईल त्यानं स्वतः बटण दाबायचं. प्रज्ञा पहिली आली. पुढं होऊन तिनं हात लांब केला, तोच अंबाजींनी तिचं मनगट धरलं. "तू नको, पोरी. पूजेचं हाय ते." सर खिडकीबाहेर बघत राहिले. मग दत्तात्रेयला बोलावलं. त्याचा नंबर बराच खाली होता, पण पडदे त्याच्या वडिलांनी दिलेले होते. बौद्धवाडीतल्या पोरीनं का नको, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. वर्गात एकालाही नवल वाटलं नाही, आणि प्रज्ञाला त्याचा संताप आजही येतो.

पुढं तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, थळच्या खतकारखान्यात दाब-तापमानाची मीटरं सांभाळायच्या विभागात नोकरी केली, मग स्वतःचं दुकान थाटलं. तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांना हात लावला. पण हे एक राहिलं होतं, आणि ते स्वतःहून शाल पांघरून तिच्या टेबलावर आलं होतं.

दत्तात्रेय गेल्यावर तिनं स्क्रू काढले. झाकण उघडलं तर वास आला देवघराचा! बटणांच्या खाली कुंकवाची खपली धरलेली, त्यात तांदूळ रुतलेले, झेंडूची पाकळी काळी होऊन चिकटलेली. नारळाच्या पाण्यानं आतले पितळी संपर्क हिरवेगार झालेले, पट्टीवरच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकलेल्या. आणि गाव इतकी वर्षं म्हणत होतं, खारी हवा बाधली हो! समुद्राचा बिचाऱ्याचा काय संबंध? लाड करून मारला होता त्याला. बाटेल म्हणून जिला लांब ठेवलं, तिचा हात लागला असता तर काही झालं नसतं. प्रज्ञाला आधी हसू आलं, आणि हसता हसता तिचं डोकं फिरलं.

बाकी मशीन मात्र ठणठणीत. वीजपुरवठ्याचे दोन-चार भाग बदलले, टीव्ही जोडला, आणि पडद्यावर एक आडवी रेघ लुकलुकायला लागली. दत्तात्रेयला हवं होतं ते एवढंच. पण ती रेघ कशासाठी लुकलुकते? लिही म्हणते. आणि लिहायला एक बटण धड नाही.

"असं कसं सोडू तुला," प्रज्ञा त्या डब्याला म्हणाली.

जुना कीबोर्ड वाचणार नव्हता आणि तसला दुसरा मिळणार नव्हता. मग आजचा, बाजारात कुठंही मिळतो तो जोडायचा. पण त्या दोघांचं जमत नाही. जुन्याचं आतलं काम जाळ्यासारखं असतं. उभ्या तारा, आडव्या तारा, प्रत्येक बटणाखाली एक गाठ. बटण दाबलं की गाठीतल्या दोन तारा टेकतात आणि मशीनला अक्षर कळतं. नवा कीबोर्ड तारा टेकवत नाही, तो आकडे पाठवतो. म्हणजे मध्ये दुभाषा हवा. नव्याचा आकडा ऐकायचा आणि जुन्याला हवी ती गाठ जोडून द्यायची. तिनं तो दुभाषा काड्यापेटीएवढ्या पट्टीवर बांधला. एक छोटी चिप ऐकणारी, एक तारा जोडणारी, आणि मध्ये तिनं लिहिलेला प्रोग्रॅम. असं काम करणारे हौशी लोक परदेशात आहेत, त्यांचे नकाशे तिनं मिळवले, तरी पहिल्यांदा ए दाबल्यावर पडद्यावर भलतंच उमटलं. तारा उलट्या बाजूनं मोजल्या होत्या बाईनं. स्वतःला एक सणसणीत शिवी हासडून तिनं सगळं सोडवलं आणि पुन्हा सोल्डरिंगचे डाग दिले. मग ए दाबला तर ए आला.

दत्तात्रेय बघायला आला तेव्हा डब्यातून एक वायर बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला साधा काळा कीबोर्ड होता. "दाब," प्रज्ञा म्हणाली. त्यानं आपलं नाव लिहिलं, ते पडद्यावर उमटलं, आणि घटकाभर तो आठवीतला पोरगा झाला. मग अध्यक्ष परत आला.

"मस्तच गं. पण हे लोंबतं काय? पेटीत कसं बसणार? काढून टाक."

"पेटी कशाला? बाहेर ठेव. पोरांना लिहू दे."

"पोरं मोडतील! समितीचं ठरलंय, पेटीला कुलूप. दसऱ्याला उघडायची, पूजा करायची, बंद."

प्रज्ञानं वाटीत जमा केलेलं कुंकू आणि तांदूळ त्याच्यापुढं ठेवले. "ह्या पूजेनंच मेला तो, दत्ता."

"अगं, भावना असतात लोकांच्या."

"माझ्यापण होत्या. पहिला नंबर माझा होता, बटण तू दाबलंस. आठवतं?"

तो ओशाळला, नाही असं नाही. पण लगेच म्हणाला, "किती जुनं उकरून काढतेस! तेव्हा तसं होतं."

"आणि आता काय आहे? आता काच आहे."

यावर तो घड्याळाकडे बघायला लागला. प्रज्ञाच्या लक्षात आलं, ह्याच्याशी डोकं लावून उपयोग नाही. ती म्हणाली, "बरं. वायर दिसणार नाही." त्याला वाटलं, बाई नमली. जाताना आभार मानून गेला. तिनं त्याच संध्याकाळी वायरचा कीबोर्ड काढला, बिनतारी कीबोर्ड आणला, त्याचा नखाएवढा रिसीव्हर दुभाषाच्या पट्टीत खोचला आणि ती पट्टी मेलेल्या बटणांखाली बसवून वरून झाकण लावलं. बाहेरून बघाल तर जसाच्या तसा, शालीतला.

समारंभाला शाळेचा हॉल गच्च भरला. स्टेजवर पेटी, पेटीत कॉम्प्युटर आणि पडदा, पेटीला हार, कुलपाची चावी दत्तात्रेयच्या खिशात. पुढच्या रांगेत सत्काराला बोलावलेले अंबाजी, आता पार वाकलेले, हातात नारळ. दत्तात्रेय माईकवर सांगत होता की ही वास्तू नव्हे, वस्तू नव्हे, हे आपल्या शाळेचं दैवत आहे. टाळ्या झाल्या. माजी विद्यार्थ्यांत मागं बसलेल्या प्रज्ञानं पिशवीतून कीबोर्ड काढला आणि मांडीवर घेतला.

बंद काचेच्या आत, पडद्यावर, इंग्रजी अक्षरं एकामागून एक यायला लागली. प्रज्ञा भागोजी गमरे. आठवी अ. पहिला नंबर.

हॉलमध्ये कुजबुज झाली. दत्तात्रेयनं वळून बघितलं, कुलूप बघितलं, कुलूप जागच्या जागी होतं. "आपोआप लिहितंय गो!" कुणीतरी ओरडलं. गावातल्या केसरकाकूंनी तर हातच जोडले.

प्रज्ञा उठून उभी राहिली. "चमत्कार नाही हो काकू, मी आहे. हात खाली करा."

"प्रज्ञा, बंद कर ते," दत्तात्रेय माईकवरच बोलून गेला.

"प्लग तुझ्या पायाशी आहे. तू काढ. सगळ्यांदेखत काढ, आणि का काढलास तेही सांग. माईक आहेच हातात."

तो प्लगकडे बघत राहिला. हॉलही त्याच्याकडे बघत राहिला. खाली वाकायची हिंमत त्याला झाली नाही.

मग तिनं कीबोर्ड आपल्या समोरच्या रांगेतल्या मुलींच्या हातात दिला. आठवीतल्या साक्षी नावाच्या मुलीनं आपलं नाव लिहिलं, तिच्याकडून दुसरीनं हिसकावला, आणि मग काय, नुसता दंगा! अर्धी नावं, चुकीची स्पेलिंगं, कुणी नुसते आकडे. कीबोर्ड हातोहात पुढं सरकत गेला, डोक्यांवरून, खुर्च्यांवरून, आणि पुढच्या रांगेत अंबाजींच्या मांडीवर येऊन पडला. त्यांनी चटका बसल्यासारखे दोन्ही हात वर उचलले, नारळ खाली गडगडला.

प्रज्ञा त्यांच्यापर्यंत चालत गेली. "दाबा, अंबाजीकाका."

"मी?" म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "मी कदी दाबलं न्हाय गो. झाडलं, पुसलं, फुलं व्हायली. पन मला कोन दाबू देनार? मी शिपाई."

हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. आता तिनं त्यांना माफ केलं असं मी सांगावं अशी तुमची इच्छा असेल, तर माफ करा, तसं काही झालं नाही. राग होता तिथंच होता. फक्त त्या रागात आता हा म्हातारा तिच्या समोर उभा नव्हता, तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता, आणि त्याचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं.

"मोडलं तं?" अंबाजींनी विचारलं.

"मोडलं तर दुसरा जोडू. दाबा तुम्ही."

त्यांनी एक बोट पुढं केलं आणि ए दाबला. पडद्यावर ए आला. बोट उचलायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून दुसरा ए आला, तिसरा आला, ओळ भरली, खालची ओळ भरायला लागली. अंबाजी तोंड उघडं टाकून बघत होते आणि बोट आणखीच जोरात दाबत होते.

"काका, बोट काढा आता," स्टेजवरून दत्तात्रेय म्हणाला.

"कुणी काढायचं नाही," प्रज्ञा म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली.