लिंबांशेजारची किल्ली

ब्रुनोने फ्रिजचा प्लग काढला तशी घरातली घरघर थांबली. मग त्याने फ्रिजचं दार उघडलं, खिशातून व्हॅनच्या किल्ल्या काढल्या आणि त्या ठेवायला जागा शोधू लागला. दारातल्या अंड्यांच्या खणात लिंबं होती. लिंबांशेजारी एक पितळी किल्ली आधीच पडलेली होती.

"मॅडम, इथे कुणाची तरी किल्ली राहिलीय."

"असू दे," सुमेधा इंग्रजीतच म्हणाली. "तुमच्या ठेवा तिच्या बाजूला."

गॅसपाशी चहा करत असलेल्या विनीताने डोळे मोठे केले. खालच्या मजल्यावरची विनीता आज मदतीला म्हणून आली होती. खरं तर पॅरिसहून शूटिंगला आलेली माणसं कशी दिसतात ते बघायलाच आली होती.

"अगं, हा बाबा किल्ल्या फ्रिजमध्ये कशाला ठेवतोय? नाश्त्याला खाणारेय का?"

"फ्रिज चालू असला की रेकॉर्डिंगमध्ये त्याची घरघर येते, म्हणून बंद करतात. आणि जाताना चालू करायला विसरू नये म्हणून किल्ल्या आत. किल्लीशिवाय माणूस जाणार कुठे?"

 विनीताने लिंबांकडे पाहिलं आणि ती चहा गाळायला लागली. ती पितळी किल्ली कुणाची, हे न्यूयॉर्कजवळच्या या सगळ्या एडिसन गावात तिला एकटीला माहीत होतं.

ती एतियेनची होती. एतियेन दुर्वाल एका फ्रेंच रेडिओचा न्यूयॉर्कमधला वार्ताहर आणि सुमेधा त्याच्या टेप कापणारी. ब्लेडने टेप कापायची, नको ते अडखळणं, खोकणं काढून टाकायचं आणि उरलेलं असं जोडायचं, की ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये. सात वर्षं तिने त्याचा आवाज सांधला. त्यातली सहा वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी तो तिच्याबरोबर ट्रेनने एडिसनला यायचा आणि सोमवारी तिच्याबरोबरच परत जायचा. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत कुणी ओळखीचं भेटलं की ती "आमचे ऑफिसातले साहेब" अशी ओळख करून द्यायची. लोक "अच्छा, अच्छा" म्हणत आणि पुढे गेल्यावर काय बोलायचं ते बोलत. तिला त्याचं काही वाटत नसे. घराची एक किल्ली तिने त्याला देऊन टाकली होती.

त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात ती एकदा ऑफिसातून घरी आली, तर त्याचे शर्ट नव्हते, दाढीचं सामान नव्हतं. चिठ्ठी नव्हती. दूध काढायला तिने फ्रिज उघडला आणि तिला लिंबांशेजारी किल्ली दिसली.

दुसरी कुणी असती तर त्या क्षणी काय ते समजली असती. पण सुमेधाची अर्धी हयात या कामात गेली होती. या कामातल्या माणसाची किल्ली फ्रिजमध्ये आहे याचा अर्थ एकच, माणूस अजून गेलेला नाही. तो यायचाय. वेडीच होती, दुसरं काय म्हणायचं! एतियेन पॅरिसला जाऊन टीव्हीवरचा चेहरा झाला, मग निवडणुकीला उभा राहिला, खासदार झाला. पाच वर्षं झाली, तरी ती किल्ली तिथेच. मधे जुना फ्रिज बिघडला, तेव्हा तिने नव्या फ्रिजच्या तशाच खणात आधी लिंबं ठेवली आणि मग किल्ली.

"टाकून दे गं ती," विनीता म्हणायची.

"राहू दे. खायला मागते का ती?"

आणि आज ही माणसं आली होती. एतियेनचं आयुष्य आणि कारकीर्द यावर पॅरिसच्या टीव्हीसाठी फिल्म करत होती. फोन आल्यापासून सुमेधाला झोप नव्हती. सकाळी तिने त्याला आवडणारी निळी साडी नेसली, पुन्हा बदलली, पुन्हा तीच नेसली.

प्रश्न विचारायला एलोडी नावाची तरुण मुलगी होती. ब्रुनोचा कॅमेरा लावून होईपर्यंत सुमेधाला धीर निघाला नाही.

"माझा पत्ता त्यांनी दिला का तुम्हाला?"

"नाही, नाही. जुन्या टेपच्या डब्यांवर तुमचं नाव होतं. आम्ही त्यांना विचारलं, तर म्हणाले, हो, एक भारतीय बाई होती तिथे, कामाला फार व्यवस्थित."

सुमेधाने पदर सारखा केला. तो सारखाच होता.

एलोडीने कामाबद्दल बरंच विचारलं. सुमेधाने सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग एलोडी हसून म्हणाली, "त्यांची ती फ्रिजची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच."

"कुठली?"

"अरेच्चा! प्रत्येक सभेत सांगतात ते. म्हणतात, मी वीस वर्षं रेडिओचा माणूस होतो, हजार घरांत शिरलो, प्रत्येक ठिकाणी माझी किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. कारण कुणाच्याही घरातून निघताना ते होतं तसं करून निघायचं असतं, जणू आपण तिथे आलोच नव्हतो. लोक काय टाळ्या वाजवतात! खरंच असे होते का हो ते?"

स्वयंपाकघराच्या दारात विनीता कपांचा ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली.

सुमेधा कॅमेऱ्याकडे बघत होती. पाच वर्षं जी गोष्ट तिने एका अर्थाने वाचली, ती त्याने लिहिलीच होती दुसऱ्या अर्थाने. तो यायचा राहिला नव्हता. तो निघताना घर होतं तसं करून गेला होता.

"हो," ती म्हणाली. "अगदी असेच होते."

मुलाखत संपली. ब्रुनोने बोट वर केलं. "आता अर्धं मिनिट शांतता, प्लीज. कुणी हलू नका."

हेही सुमेधाला ठाऊक होतं. प्रत्येक मुलाखतीनंतर त्या खोलीची शांतता टेप करून ठेवतात. पुढे बोलणं कुठे कापलं, तर ती जागा भरायला उपयोगी पडते. एतियेनच्या बोलण्यातल्या कितीतरी जागा तिने अशाच शांततेने भरल्या होत्या. अशा वेळी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा असतो. ती ताठ बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते गालांवरून हनुवटीवर आलं, निळ्या साडीवर पडलं. तिने ते पुसलं नाही, पुसताना बांगड्या वाजल्या असत्या. ब्रुनोने आवाजाच्या मीटरकडे पाहिलं. सुई हलली नव्हती.

"थँक यू," तो हळूच म्हणाला. "फार छान मिळाली."

त्याने आठवणीने प्लग लावला, आपल्या किल्ल्या घेतल्या. चहा तसाच ठेवून दोघं गेले. घरात पुन्हा घरघर सुरू झाली.

 विनीता कप आवरायला लागली. सुमेधा उठली, फ्रिज उघडला आणि लिंबांशेजारची किल्ली काढून तिने विनीताच्या हातात ठेवली.

"तुझ्याकडे राहू दे. कधी माझी हरवली, लॉक आऊट झाले, तर असावी कुणाकडे तरी."

"बाई गं, केवढी गार आहे ही!"

"होईल," सुमेधा म्हणाली. "तुझ्या घरी जाईपर्यंत होईल गरम."