भोकाच्या पैशाचा बाजा

एडवणला दिनानाथांच्या पडवीत माणसाच्या उंचीचं एक लाकडी कपाट होतं. वर पितळी कर्णा, पोटात एकच तबकडी. फटीत भोकाचा तांब्याचा पैसा टाकला की आतली खिट्टी सुटायची, तबकडी फिरायची आणि गाणं संपलं की आपोआप थांबायची. दिनानाथांच्या वडिलांच्या चहाच्या हॉटेलात गिऱ्हाइकं पैसा टाकून गाणं ऐकायची. हॉटेल गेलं, बाजा राहिला. तबकडी आता इतकी झिजली होती की गवई गातोय की कुणी पापड भाजतंय, हे सांगणं कठीण.

आणि नेमक्या त्याच खरखरीवर दिनानाथांची तान्ही नात स्वरा झोपायची. तिच्या आईनं, मेघालीनं, अंगाई गाऊन पाहिली, मोबाइलवर पावसाचा आवाज लावून पाहिला, रिकामा मिक्सरसुद्धा फिरवून पाहिला. पोर डोळे टक्क उघडे ठेवून बघत राहायची, आई आता पुढे काय करते म्हणून. बाज्यात पैसा पडला की मात्र तबकडी संपायच्या आत तिची मान आईच्या खांद्यावर कलंडायची, आणि ते इवलंसं ओझं एकदम जड, एकदम गोड व्हायचं.

म्हणून दिनानाथांनी जेवताना बातमी सांगितली तेव्हा मेघालीनं उचललेला घास ताटात परत ठेवला. पालघरच्या जुन्या वस्तूंच्या मंडळाचे परीक्षक येणार होते. बाजा अस्सल ठरला तर वर्षभर नाशिकच्या प्रदर्शनात जाणार, खाली पाटीवर दिनानाथांच्या वडिलांचं नाव.

"वर्षभर? आणि स्वरा कशावर झोपेल, बाबा?"

"वर्सात शानी होईल ती."

नवरा प्रणव तारापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आला आणि म्हणाला, "खरखर मोबाइलवर भरून ठेवू." ठेवली. स्वरानं ती घडीभर ऐकली आणि भोकाड पसरलं. अस्सल-नक्कल ओळखायला तिला कुठल्या मंडळाची गरज नव्हती.

रविवारी परीक्षक झुंबरराव आले. बॅटरी, भिंग, चेहऱ्यावर डॉक्टरी गांभीर्य. बाज्याच्या मागे वाकून त्यांनी लाकडाचा वासही घेतला.

"हा स्क्रू नवा आहे."

"प्रणवनं बसवलाय," मेघाली तत्परतेनं म्हणाली.

"आणि ही स्प्रिंग?"

"दुकानाच्या शटरची हाय," दिनानाथांनी मान खाली घालून सांगितलं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. मेघालीला हायसं वाटू लागलं.

मग झुंबररावांनी कर्ण्यावर बॅटरी मारली आणि स्वतःचेच डोळे मिटून घेतले. कर्णा देवघरातल्या समईसारखा लखलखत होता.

"हा कुणी घासला?"

"मी," सासूबाई मंदाताई अभिमानानं पुढे झाल्या. "दर दसऱ्याला चिंचेनं घासते. काल पाव्हने येनार म्हनून परत घासला."

"ताई, जुन्या पितळेवर काळपट झाक असते. तीच तर आम्ही बघतो."

"मंग दसऱ्याला पूजा घानेरड्या बाज्याची करायची?"

"आईंनी आतूनसुद्धा घासलाय, काका," मेघालीनं भर घातली.

झुंबररावांनी बॅटरी बंद केली. मग म्हणाले, "कपाट, खिट्टी, कर्णा मूळचेच आहेत. दुरुस्ती तुम्ही लपवली नाही. आणि या घरात बाजा दसऱ्याला घासतात, तर घासलेला हाच त्याचा खरा रंग. अस्सल." मेघालीचं तोंड उतरलं. "फक्त पूर्ण तबकडी ऐकायची आणि बाजा आपोआप थांबताना डोळ्यांनी बघायचं. मग सही."

"सही जेवल्यावर," दिनानाथ म्हणाले. "पाव्हन्याला उपाशी बसवायची रीत नाय आमच्यात."

तळलेले बोंबील झाले, कोळंबीचं कालवण झालं, तांदळाच्या भाकऱ्यांवर भाकऱ्या झाल्या. मग झुंबरराव पडवीतल्या झोपाळ्यावर बसले. समुद्राकडून वारा येत होता. दिनानाथांनी पैसा टाकला. खरखर सुरू झाली. स्वराची मान कलंडली. पाठोपाठ झुंबररावांची.

तबकडी संपली. खिट्टी खट्कन पडून बाजा अगदी शिस्तीत थांबला. दिनानाथांनी मोठ्या दिमाखात त्याच्याकडे बोट दाखवलं. बघायला कुणी नव्हतं. मंदाताईही भिंतीला टेकून घोरत होत्या.

चहाच्या वेळी झुंबरराव ओशाळून म्हणाले, "थांबताना मी पाहिलं नाही."

"मी पायला ना."

"तुम्ही मालक. तुमची साक्ष चालत नाही. पुढच्या रविवारी येतो."

पुढच्या रविवारी कालवण मेघालीनं स्वतः केलं, नारळ जरा सढळ हातानं घालून. त्या दिवशी झुंबरराव निम्म्या तबकडीतच झोपी गेले. दिनानाथ गावात सांगू लागले, "परीक्षन चालू हाय. साधी गोष्ट नाय ती." ऐकणारे माना डोलवत, आणि दिनानाथांची छाती पाटी लागल्यासारखीच फुगे.

तिसऱ्या रविवारी झुंबरराव भिंग विसरून आले, पण पिशवीत छोटी उशी होती. दिनानाथ बायकोजवळ जाऊन हळूच म्हणाले, "आज जेवनाच्या आधी ऐकवूया का?"

मंदाताईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "पाव्हन्याला उपाशी?"

दिनानाथ वरमले, आणि पाट मांडायला गेले.