चार नंबरचा बाप

मल्हारगंजात अच्युत सरमंडलांचं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. शिक्के करायचे आणि दारावरच्या पाट्या. तीस वर्षांत निम्म्या इंदूरची नावं त्यांच्या हातून गेली असतील. दिवसभर लोकांची नावं करायची आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्यालाच नावं ठेवायची, असा त्यांचा स्वभाव. कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाचा जावई घरी बसला, सगळं त्यांना तोंडपाठ. असा माणूस स्वतःच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये म्हणून किती जपत असेल, ते काय सांगायला हवं?

सुदामानगरात त्यांच्या घरावर त्यांनी स्वतः केलेली पितळी पाटी आहे. पहिली ओळ अच्युत सरमंडल, दुसरी वसुधा सरमंडल, एम.ए., तिसरी हृषीकेश सरमंडल. तिसऱ्या नावापुढे बोटभर जागा मोकळी सोडलेली. तिथे पुढेमागे ‘बी.टेक.’ येणार होतं. पोरगा, घरचा बंटी, दहावीत असताना अच्युतराव त्याला स्कूटरवर बसवून सिमरोलला घेऊन गेले होते आणि त्या मोठ्या इंजिनिअरिंग संस्थेचं गेट त्यांनी त्याला बाहेरून दाखवलं होतं. बापाने गेट दाखवलं, पोराने गेटाआडचं मैदान पाहिलं. तिथे मुलं फुटबॉल खेळत होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. पोराने कोचिंग सोडलं. एकोणिसाव्या वर्षी तो गोव्याला गेला आणि खालच्या लीगमध्ये चार वर्षं घासली. या वर्षी मांडवी स्पोर्टिंग नावाच्या क्लबाने त्याला घेतलं. म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये. बचावफळीत, अंगावर चार नंबर. जर्सीवर नाव काय, तर नुसतं ‘ऋषी’. हृषीकेश सरमंडल म्हणताना टीव्हीवाल्यांची बोबडी वळायची.

आणि मल्हारगंजाला काय ठाऊक होतं? सरमंडलांचा बंटी गोव्याला कंपनीत आहे. बस. क्लब एका कंपनीच्याच मालकीचा असल्यामुळे अच्युतरावांना हे खोटंही वाटत नसे. नरो वा कुंजरो वा! धर्मराजाला जे चाललं ते शिक्केवाल्याला का चालू नये? दुकानाच्या गल्लीत बंटी लहानपणी एकदोनदा आला असेल तेवढाच. आता त्याला दाढी होती, केस मागे बांधलेले होते. गल्लीने ओळखावं असं काही उरलं नव्हतं.

बारा संघ, बावीस सामने. पहिले सात सामने बंटी बाकावर बसून होता. आठव्यात त्यांच्या कप्तानाचा गुडघा गेला आणि याला उतरवलं. अच्युतरावांनी तो सामना काउंटरखाली मोबाइल धरून, एका कानात इअरफोन घालून पाहिला. त्या दिवशी सांवेरच्या एका सरपंचाच्या शिक्क्यावरचा अनुस्वार उडाला आणि माणूस ‘सरपच’ होऊन परतला. पोरगा बरा खेळला होता. उंच चेंडू आला की तो सगळ्यांच्या वर दिसायचा. अच्युतरावांना ऊर भरून आल्यासारखं झालं, पण सांगायचं कुणाला?

डिसेंबरात एके संध्याकाळी समोरचे सेवभांडारवाले विष्णूजी राठौर धावतच रस्ता ओलांडून आले. त्यांच्या दुकानातला टीव्ही दिवसभर चालू असायचा, आणि क्रिकेट नसलं की जे असेल ते.

“सरमंडलजी! वो गोवा वाली टीम का चार नंबर अपने इंदौर का है भिया! टीवी वाला अभी बोला, इंदौर का ऋषि!”

“अच्छा?” अच्युतराव म्हणाले.

“किसका लड़का होगा?”

“इतना बड़ा शहर है, विष्णूजी.”

झालं. त्या दिवसापासून गल्लीला फुटबॉलचं वेड लागलं. सामना असला की विष्णूजींच्या दुकानापुढे वीस-पंचवीस माणसं उभी. ऑफसाइड कशाशी खातात हे एकालाही ठाऊक नव्हतं, पण चार नंबरच्या पायाला चेंडू लागला की “जियो इंदौर!” असा गलका व्हायचा. अच्युतरावही त्यात उभे राहू लागले. पोराचं कौतुक लोकांच्या तोंडून ऐकायचं आणि आपण परक्यासारखी मान डोलवायची. अशी चोरटी गोडी लागली त्यांना.

“सांगून टाका न आता,” वसुधाबाई घरी रोज म्हणायच्या. “पोरगा काय चोरी करतो का? सगळी गल्ली त्याचं नाव घेऊन राहिली, आणि तुम्ही गप्प!”

“अगं, चार वर्षं कंपनी कंपनी केलं. आता एकदम काय बोलू? काही ढंगाचा मौका तर येऊ दे. सीझन संपला की पेढे घेऊन जातो, सगळ्यांसमोर सांगतो.”

मनात मांडे तयारच होते. मांडवी स्पोर्टिंग शेवटून दुसरी होती, आणि शेवटचा संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जाणार होता. शेवटचा सामना नुसता बरोबरीत सुटला तरी क्लब वाचत होता. एप्रिलातल्या त्या शनिवारी अच्युतरावांनी किलोभर पेढे आणून टेबलाच्या खणात ठेवले. संध्याकाळी पाचला सामना सुरू झाला. पावणेसातला एक-एक अशी बरोबरी होती आणि तीन मिनिटं उरली होती. अच्युतराव दुकानात गेले, डबा घेऊन आले आणि तो पाठीमागे धरून घोळक्यात उभे राहिले. काय बोलायचं ते वाक्यही त्यांनी मनात जुळवलं होतं.

समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला. बंटी सगळ्यांच्या वर उडाला, नेहमीसारखाच, आणि चेंडू त्याच्या कपाळाला लागून त्याच्याच जाळ्यात गेला.

क्षणभर गल्लीला कळलंच नाही. मग कळलं, चार नंबरनेच क्लब बुडवला. काल ज्याला डोक्यावर घेतलं होतं त्याला लोकांनी पायाखाली घ्यायला वेळ लावला नाही. कुणी म्हणालं बिकाऊ आहे, कुणी आईवरून शिवी दिली. टीव्हीवर चार नंबर गुडघ्यांवर बसला होता. तेवढ्यात विष्णूजी वळून म्हणाले, “क्या सरमंडलजी, आप तो रोज देखते हो. आप बोलो, ये क्या किया इसने?”

सगळे अच्युतरावांकडे बघायला लागले. हातात पेढ्यांचा डबा. खाई त्याला खवखवे. त्यांना वाटलं, यांना कळलं, सगळ्यांना कळलं. ते घाबरले आणि घाबरलेला माणूस सगळ्यांत मोठ्याने ओरडतो तसे ओरडले.

“निकालो ऐसे को! नाक कटवा दी इंदौर की! पता नहीं किस बाप ने खेलने भेज दिया!”

लोक हसले. टाळ्यासुद्धा पडल्या. विष्णूजींची मुलगी सुरभी कॉलेजात शिकते. ती मोबाइल धरून उभी होती आणि तिने हे सगळं टिपलं. नंतर विष्णूजींनी विचारलं, “डब्बा किस खुशी में?” अच्युतराव म्हणाले, “घर पे पूजा है.” उचलली जीभ, लावली टाळ्याला. दोनदा.

सुरभीने ती रील टाकली आणि वर लिहिलं, ‘इंदौर के काका का दर्द’. दोन दिवसांत पाच लाख लोकांनी पाहिली. गल्लीतून जाता-येता पोरं “काका, नाक कट गई!” अशी हाक द्यायला लागली. सांवेरचा तो सरपंच आपला अनुस्वार दुरुस्त करून न्यायला आला होता, त्याने काकांबरोबर सेल्फी काढला. अच्युतराव हसले. फोटो निघेपर्यंत हसत राहिले आणि मग आत जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं. आरशात बघायची त्यांना हिंमत झाली नाही.

घरी वसुधाबाईंना रील त्यांच्या बहिणीकडून, देवासच्या रमाकडून आली. खाली तिने एवढंच लिहिलं होतं, ‘भाऊजींना काय झालं गं?’ वसुधाबाईंनी मोबाइल नवऱ्यापुढे ठेवला. आदळआपट नाही, रडणं नाही.

“कुठल्या तोंडाने बसाल त्याच्यासमोर?” एवढं त्या म्हणाल्या आणि तीन दिवस बोलल्या नाहीत. पेढे देवापुढे तसेच पडून होते. शेवटी त्यांना मुंग्या लागल्या.

पुढच्या रविवारी बंटी आला. वाकून नमस्कार केला. तो वाकला तेव्हा त्याच्या कपाळाकडे, जिथे चेंडू लागला होता तिथे, अच्युतरावांची नजर गेली, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. पोरगा सगळ्यावर बोलला. गाडीला उशीर झाला त्यावर, गोव्याच्या उकाड्यावर, क्लब पुढच्या वर्षी ठेवतो की नाही त्यावर. तेवढं एक सोडून. त्याने ती रील पाहिली होती का? पाच लाखांत तो नसेल असं कसं होईल? पण त्या गोंधळात तो मोबाइल बंद करून बसला असेल, असंही अच्युतराव स्वतःला सांगत होते. बुडत्याला काडीचा आधार.

सोमवारी सकाळी पोहे खाताना त्यांनी धीर केला. “बंटी, मी त्या दिवशी...”

“बाबा, सेव द्या न जरा,” बंटी म्हणाला.

त्यांनी सेवेची बरणी पुढे सरकवली. त्याने पोह्यांवर सेव घातली आणि खाली मान घालून खात राहिला. अर्धी बशी तशीच टाकून अच्युतराव उठले, स्कूटर काढली आणि दुकान गाठलं. घाईत जेवणाचा डबा घरीच राहिला.

दुपारी साडेबाराला ते एका डॉक्टरांचा शिक्का साफ करत होते. मान वर केली तर दुकानाच्या पायरीशी बंटी. हातात वसुधाबाईंनी शिवलेली हिरवी पिशवी, आत डबा. तो पायरी चढणार, इतक्यात समोरून आवाज आला.

“अरे! अरे, ये तो चार नंबर है! ऋषि!”

विष्णूजी रस्ता ओलांडून येत होते, मागे आणखी तिघं-चौघं. बंटीने वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग दुकानात बापाकडे. अच्युतरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बंटीने हातातली पिशवी हळूच खाली, पायरीच्या कडेला ठेवली आणि तिच्यापासून दोन पावलं बाजूला झाला.

“यहाँ कैसे, भिया?” विष्णूजींनी विचारलं.

“शिक्का बनवाना था,” बंटी म्हणाला. मग आत बघून म्हणाला, “काका, शिक्का बनता है न यहाँ?”

काका.

अच्युतरावांच्या हातातला शिक्का काउंटरवर पडला. विष्णूजी मात्र रंगात आले होते. “इन काका को पहचाना? अरे, यही तो हैं! रील देखी के नहीं?”

“देखी,” बंटी म्हणाला. “हमारे ड्रेसिंग रूम में चार बार चली. सब हँसे.”

“और तुम?”

“मैं भी हँसा.”

“बुरा नहीं लगा?”

बंटीने नकारार्थी मान हलवली. “काका हर मैच देखते होंगे, तभी बोले. जो देखता नहीं, उसको गुस्सा भी नहीं आता.”

“बड़ा दिल है भिया तुम्हारा!” विष्णूजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “सरमंडलजी, इनका शिक्का आज फ्री में, क्या?”

अच्युतरावांनी पॅड पुढे ओढलं आणि पेन घेतलं. तीस वर्षांची सवय, हात आपोआप चालले. पायरीवरच्या हिरव्या पिशवीकडे ते बघत होते. पोराने ड्रेसिंग रूममध्येही सांगितलं नव्हतं, हा माझा बाप आहे म्हणून. सांगितलं असतं तर तिथे बापाची छी-थू झाली असती. आणि आत्ता, इथे, भर गल्लीत, तो बापाची लाज झाकायला परका होऊन उभा होता. तेही बापाकडूनच शिकून. इतकी लाज अच्युतरावांना जन्मात कधी वाटली नव्हती.

“नाम क्या डालूँ?” त्यांनी विचारलं.

बंटी काउंटरजवळ आला आणि हळू, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं मराठीत म्हणाला, “तुम्हाला जे ठीक वाटेल ते टाका.”

अच्युतरावांनी पेन खाली ठेवलं. काउंटरची फळी उचलून ते बाहेर आले, पायरी उतरले, वाकून हिरवी पिशवी उचलली. ती धरून ते विष्णूजींसमोर उभे राहिले.

“विष्णूजी, ये मेरा लड़का है. बंटी.”

विष्णूजी हसले. मग त्यांनी मघाशी चार नंबरच्या हातात दिसलेल्या त्या पिशवीकडे पाहिलं. रोज दुपारी अच्युतरावांबरोबर जेवताना ती त्यांच्याही डोळ्यांसमोर असायची. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. समोरच्या दुकानाच्या काचेआडून सुरभी बघत होती, तिच्या हातात मोबाइल होता, पण तिने तो वर केला नाही.

“मतलब...” विष्णूजी चाचरले. “मतलब, उस दिन?”

बंटी बापाकडे बघत नव्हता. तो काउंटरवरचा डॉक्टरांचा शिक्का उगाच हातात फिरवत होता.

“हाँ, विष्णूजी,” अच्युतराव म्हणाले. “उस दिन भी मेरा ही था.”