बापूसाहेबांच्या उसातली पाणंद

वैष्णवी पुण्यात भूगोलात पीएच.डी. करत होती. एकाच गावातल्या सगळ्यांना दवाखाना सारखाच जवळ असतो का, हा तिचा विषय. त्यासाठी तिनं निमोण्याच्या बाजूचं आपलंच गाव निवडलं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या, "दुसरं गाव घे. घरचं आडवं येईल." तिनं ऐकलं नाही.

धनगरवस्तीवरच्या कुशाबाई आणि त्यांची गरोदर सून आरोग्य उपकेंद्रात निघाल्या, तशी ती त्यांच्याबरोबर चालत गेली. वाट कॅनॉलच्या कडेनं लांबचा वळसा घेत होती. सून मध्येच दम खायला बसली.

"इथं सरळ पाणंद होती ना?" वैष्णवीनं विचारलं.

"व्हती की. तुमच्या आबांनी तार घातली आन् आत ऊस लावला. तुम्हाला ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक होतं. पण वैष्णवी लहानपणापासून डांबरी रस्त्यानं गाडीवरून फिरलेली. पाणंद तिला कधी लागलीच नव्हती.

ग्रामसभेत तिनं नकाशा भिंतीवर लावला. गावठाणातून उपकेंद्र हाकेच्या अंतरावर, वस्तीवरून तासाभराची पायपीट. मागून कुणीतरी विचारलं, "मधी ही तार कुणाची?"

तिचे आबा, म्हणजे गावाचे बापूसाहेब, पुढच्याच रांगेत बसले होते.

"आमची," वैष्णवी म्हणाली.

बापूसाहेब उठले आणि चपला घालून निघून गेले. बरेच दिवस ते लेकीशी बोलले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी गड्याकरवी तारेत माणूस जाईल एवढी फट पाडली. वैष्णवीला हायसं वाटलं. कुशाबाई फट बघून म्हणाल्या, "मी जाईन यातनं. पर सुनंला न्यायला रिक्षा लागंल, ती कशी यायची?"

मग वस्तीनं शिरूरच्या तहसीलदारांकडे रस्त्यासाठी अर्ज केला. नकाशा वैष्णवीनं जोडला, खाली स्वतःची सही करून.

सुनावणीच्या दिवशी बापूसाहेब उंबऱ्यात थांबले. "शिरूरलाच चाललीस न्हवं? गाडीत जागा हाय."

"मी वस्तीवरच्यांबरोबर एसटीनं येते, आबा."

"डबा घेतलास का?"

"घेतला."

निकाल वस्तीच्या बाजूनं लागला. तोवर सून यवतला माहेरी बाळंत झाली होती. बापूसाहेबांनी अपील केलं नाही. ऊस तुटल्यावर जेसीबी आला, तेव्हा ते बांधावर उभे राहून पाणंदीच्या रुंदीवरून ड्रायव्हरशी दिवसभर भांडले.